खुराक ज्याचा त्याला: कॉलेजच्या दिवसांत ग्रीक नीतिशास्त्र कसं वापरायचं

ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात एक पैलवान भेटतो. क्रोटॉन गावचा मिलो, इ.स.पू. 6व्या शतकातला नावाजलेला मल्ल. मुद्दा खुराकाचा आहे. 10 मिना अन्न (मिना म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपासचं जुनं वजन) एखाद्याला जास्त होतं आणि 2 मिना कमी पडतं, म्हणून वस्ताद सरसकट सगळ्यांना 6 मिना वाढत नाही. 6 मिना मिलोला पुरायचं नाही आणि कालच लंगोट बांधलेल्या पोराला झेपायचं नाही. सद्गुणाचा 'मध्य' असाच ज्याचा त्याने शोधायचा असतो, असं ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384 ते 322) सांगतो.

कोल्हापुरात हे समजावायला कष्ट पडत नाहीत. गंगावेश तालीम असो की मोतीबाग, नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी हजार जोर मारायला लावत नाही आणि कसलेल्या पैलवानाला पन्नासावर सोडत नाही. पोरगं मातीत कसं उतरतं, दम कुठे लागतो, खाल्लेलं अंगी लागतंय का, हे बघून वस्ताद आकडा ठरवतो. आणि जोर-बैठकांवर नुसतं व्याख्यान ऐकून कोणाचं अंग कमावत नाही. ॲरिस्टॉटलनेही हेच बजावलंय: सद्गुण म्हणजे काय हे कळावं म्हणून हा अभ्यास नाही, आपण चांगलं व्हावं म्हणून आहे. खाली दिलेली पद्धत त्याच हिशोबाने लिहिली आहे. तत्त्वज्ञान विषय घेतलेला असायची गरज नाही. घर सोडून शिकायला आलेल्या, मेसला जेवणाऱ्या, कॉट बेसिसवर राहणाऱ्या, रात्री मोबाइलवर सिरीज बघणाऱ्या कोणालाही ती चालेल.

आधी काय लागतं

एक साधी 100 पानी वही आणि झोपण्याआधीची 10 मिनिटं. मोबाइलमधली नोंद चालत नाही असं नाही, पण ती लिहायला उघडलेला मोबाइल 10 मिनिटांत बंद होत नाही, म्हणून वहीच बरी.

वाचायचं असेल तर ॲरिस्टॉटलचं 'निकोमाखियन एथिक्स' पहिल्या पानापासून सुरू करू नका. ते एकूण 10 भागांचं आहे. पहिला भाग सुख म्हणजे काय या मोठ्या चर्चेत जातो आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. दुसरा भाग आधी घ्या: लहान आहे आणि सवय, मध्य, दोन टोकं हे सगळं त्यातच आहे. नंतर तिसऱ्या भागाची सुरुवात, मग सातवा. जोडीला एपिक्टेटस या ग्रीक तत्त्वज्ञाची 'एन्कायरिडियन' नावाची छोटी पुस्तिका ठेवा. तिच्यात पन्नासेक कलमं आहेत, काही दोन-तीन ओळींचीच. दोन्हींची जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात. पण वाचन पूर्ण होईपर्यंत थांबू नका. पद्धत आजपासून सुरू होते.

पहिली पायरी: घडलं ते विशेषणांशिवाय लिहा

दिवसातली एकच कृती निवडायची आणि ती एका ओळीत लिहायची. सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून ही पायरी जवळून बघू.

समजा, सकाळी रूम पार्टनर पांघरुणातूनच म्हणाला, "भावा, माझी हजेरी लाव की." तुम्ही म्हणालात, "लावतो की." आणि लावली. रात्री वहीत काय उतरतं? पहिल्या दिवशी बहुतेक जण लिहितात, 'मित्राला मदत केली.' ही नोंद रद्द करा. यात कृती नाही, कृतीचा निकाल आहे, आणि तोही आपल्याच बाजूने लावलेला. उलट टोकाची नोंद असते, 'आज कॉलेजला फसवलं.' तीही रद्द. हाही निकालच, फक्त विरुद्ध बाजूने. नीट नोंद अशी दिसते: 'मंगळवार, सकाळचं पहिलं लेक्चर. कागद फिरत आला, तेव्हा माझ्या नावाखाली मी त्याची सही केली. सर फळ्याकडे वळले होते. तो रूमवर झोपला होता.'

आता ही ओळ बोलायला लागते. 'सर फळ्याकडे वळले होते' हा तपशील स्वतःच लिहिला गेला आणि त्याने सांगून टाकलं की आपण वाट बघत होतो. ओळीत मदत, प्रेम, अन्याय, मजबुरी, सहज, फक्त असे शब्द आले की त्यांच्यावर काट मारा. 'फक्त' हा त्यातला सगळ्यांत लबाड. 'फक्त एक सही केली' म्हटलं की विचार संपलाच.

पहिला आठवडा एवढंच करा. पुढच्या पायऱ्यांची घाई नको.

दुसरी पायरी: ही कृती माझी होती का?

तिसऱ्या भागात ॲरिस्टॉटल विचारतो, माणसाला दोष किंवा श्रेय कधी द्यायचं? कृती स्वेच्छेची असेल तरच. दोन गोष्टी स्वेच्छा काढून घेतात: बाहेरून आलेली सक्ती आणि अज्ञान.

सक्तीची त्याची व्याख्या फार कडक आहे. वाऱ्याने उडवून नेलं, कोणी हातपाय बांधून उचलून नेलं, तर ती सक्ती. 'ग्रुपमधल्या सगळ्यांनी आग्रह केला' ही सक्ती नव्हे. मधली जागा मात्र तो मान्य करतो. वादळात जहाज वाचवायला नाखवा माल समुद्रात फेकतो; एरवी कोणी असं करणार नाही, पण त्या घडीला तो स्वतःच ठरवून फेकतो. अशा मिश्र कृतींना समज द्यायची, क्वचित माफीही द्यायची, पण 'मी केलंच नाही' म्हणू द्यायचं नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढणं या खणात जातं. वादळ खरं असतं. फक्त हे वादळ चार महिने आधी दिसत होतं का, तेही त्याच ओळीखाली लिहायचं.

अज्ञानाचंही तसंच. 'नोटीस बघितलीच नाही' हे कधी खरं कारण असतं, कधी नसतं. ग्रुपवर आलेली नोटीस न उघडणं आपल्या हातात होतं, तर त्या अज्ञानाची जबाबदारीही आपली. दारूच्या अंमलात केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा, असा ग्रीकांत एक कायदा होता. ॲरिस्टॉटल तो समजावून सांगतो: न पिणं त्याच्या हातात होतं आणि पिणं हेच अज्ञानाचं मूळ.

तिसरी पायरी: दोन टोकं मांडा, मग आपला कल बघा

आता कृती कुठल्या प्रांतातली आहे ते ठरवा. भीतीचा प्रांत असेल तर एका टोकाला भ्याडपणा, दुसऱ्या टोकाला आततायीपणा, मध्ये धैर्य. पैशाचा असेल तर चिक्कूपणा, उधळेपणा आणि मध्ये औदार्य. स्वतःबद्दल बोलण्यात एकीकडे बढाई, दुसरीकडे खोटा कमीपणा ('माझा अभ्यासच झाला नाही रे' म्हणत पहिल्या पाचात येणारा), मध्ये जसं आहे तसं सांगणं. थट्टेत एकीकडे पाचकळपणा, दुसरीकडे कशालाच न हसणारा रुक्षपणा, आणि मध्ये हजरजबाबी पण जिव्हारी न लागणारा विनोद. हॉस्टेलमध्ये नव्या मुलाच्या बोलण्यावर, गावावर, आडनावावर जी रेवडी उडवली जाते, तिला हे शेवटचं माप लावून बघा. ॲरिस्टॉटलने विनोदाला सद्गुणांत जागा दिली ही मोठी गोष्ट आहे. पण ज्याच्यावर विनोद होतो त्याला दुखू नये, याची काळजी पाचकळ माणूस करत नाही, हेही त्यानेच लिहिलंय.

मध्य म्हणजे निम्मा नव्हे. महिन्याला घरून 6000 येणाऱ्याने आणि 15000 येणाऱ्याने वाढदिवसाची पार्टी सारखीच दिली, तर एकाचं ते औदार्य असेल आणि दुसऱ्याचं उधळणं. मेसचे पैसे थकवून मित्रांना मिसळ खाऊ घालणाराही उधळ्याच, कारण त्याने दिलेले पैसे त्याचे नव्हतेच, ते मेसवाल्या मावशींचे होते.

काही गोष्टींना मध्य नसतोच. चोरी, खून, व्यभिचार यांची नावंच वाईटपणा घेऊन येतात, असं ॲरिस्टॉटल स्पष्ट म्हणतो. 'थोडीच कॉपी केली, पास होण्यापुरती' असला मध्य शोधणारे नेहमी भेटतात. त्यांना हे पान दाखवा.

मग कल. प्रत्येकाचं लाकूड एका बाजूला वाकलेलं असतं. आपण कुठे सहज घसरतो ते पाहायचं आणि वाकडं लाकूड सरळ करतात तसं मुद्दाम उलट्या बाजूला ताणायचं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीने महिनाभर रोज एक प्रश्न विचारायचा, जरा जास्तच वाटला तरी. प्रत्येक चर्चेत उडी घेणाऱ्याने आठवडाभर तिसरा बोलेपर्यंत थांबायचं. दोघांना दिलेला सल्ला एकमेकांविरुद्ध आहे आणि दोन्ही बरोबर आहेत. खुराकाचा मुद्दा तो हाच.

चौथी पायरी: कळतं पण वळत नाही, त्याचे दोन प्रकार

सातवा भाग विद्यार्थ्यांसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. ॲरिस्टॉटल इथे माणसांच्या चार अवस्था मांडतो. पहिल्याला योग्य ते करावंसं वाटतं आणि तो करतो. दुसऱ्याला मोह होतो, पण तो आवरतो. तिसऱ्याला योग्य काय ते कळतं, पण तो ढळतो. चौथ्याला वाईट तेच बरं वाटतं. बहुतेक जण दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत वरखाली करत असतात. या ढळण्याला ग्रीकात अक्रेसिया म्हणतात. त्या वेळी ज्ञान कुठे जातं? तर प्यालेला माणूस तत्त्वज्ञाच्या ओळी घडाघडा म्हणतो तसं ते ओठांवर असतं, हाताशी नसतं.

कामाचा भाग पुढे आहे. ढळण्याचे तो दोन प्रकार करतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे पडतात.

एक उतावळा: विचार न करताच वाहून जातो. एपिसोड संपला, पडद्यावर उलटे आकडे सुरू झाले आणि पुढचा लागलासुद्धा. इथे निर्णय झालाच नाही. अशाला रात्री 1 वाजता निर्धार सांगून उपयोग नाही, कारण निर्धार वापरायची वेळच येत नाही. उपाय आधीचा, दिवसाउजेडीचा: पुढचा एपिसोड आपोआप सुरू होण्याची सोय बंद करायची, चार्जर दाराजवळच्या प्लगला लावायचा, अंथरुणापासून लांब. हात पोचायला उठावं लागलं की विचाराला जागा मिळते.

दुसरा दुबळा: विचार करतो, 'आता झोपावं' असं ठरवतोही, आणि तरी बघत राहतो. याला चार्जर लांब ठेवून काही होत नाही, तो उठून आणतो. याचा ठराव एकट्यापुरता असतो, म्हणून सैल असतो. त्याने तो दुसऱ्याच्या कानावर घालायचा: 'सकाळी 6 वाजता रंकाळा तलावाच्या फेरीला येतो, खाली उभा राहा.' कोणीतरी थंडीत उभं राहणार आहे, हे माहीत असलं की ठराव धरून राहायला बळ येतं.

आपण कुठले, हे ओळखायला वहीत तीन वेळा ढळल्याची नोंद पुरते. 'ठरवलं होतं' हे शब्द तिन्हीत असतील तर दुबळे, नसतील तर उतावळे. काही जण मोबाइलला उतावळे आणि अभ्यासाला दुबळे असतात. तेव्हा प्रत्येक बाबतीत वेगळं बघायचं.

पाचवी पायरी: सिनेमा, सिरीज आणि मॅच

करमणूक सरावाला उत्तम, कारण तिथे माणसाची निवड आणि परिणाम दोन-तीन तासांत अखंड दिसतात. स्वतःच्या आयुष्यात तसे दिसत नाहीत. पण 'नायक चांगला की वाईट' या प्रश्नाने सुरुवात केली की चर्चा दहा मिनिटांत भांडणावर येते. माणूस नाही, निर्णय निवडा. ज्या क्षणी पात्र वेगळं काही करू शकलं असतं, तिथे थांबवा, वेळ टिपा. मग तीन गोष्टी लिहा: त्याला त्या क्षणी काय ठाऊक होतं, दुसरी कुठली वाट उघडी होती, आणि किंमत कोणी मोजली. त्यानंतर तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. पार्श्वसंगीताशिवाय नायकाचा सूड अनेकदा नुसती मारहाण दिसतो. संगीताने दिलेला निकाल आणि आपला निकाल वेगळा करायची याहून सोपी युक्ती नाही.

एक प्रसंग पूर्ण सोडवू. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' 1932 साली प्रभात फिल्म कंपनीने काढला. तेव्हा कंपनी कोल्हापुरातच होती, पुण्याला ती 1933 मध्ये गेली. गोष्ट हरिश्चंद्राची, घरोघरी माहीत असलेली. राजा विश्वामित्राला दिलेल्या शब्दासाठी राज्य सोडतो, दक्षिणा भागवायला बायको-मुलाला आणि स्वतःला विकतो, स्मशानात चाकरी करतो. आपण एका दमात म्हणतो, सत्यवचनी. आता निर्णय सुटे करा. राज्य देणं: शब्द त्याचा, राज्यही त्याच्या हातातलं, ठीक. तारामतीला आणि रोहिदासाला विकणं: शब्द त्याचा, किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. औदार्यात योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढं देणं आलं, आणि द्यायची वस्तू आपली असणंही आलं; इथे पहिली अडचण दिसते. पुढे मेलेल्या मुलाला घेऊन आलेल्या तारामतीकडे तो स्मशानाचा कर मागतो. चाकरी इमानाने करणं हा गुण आहे, पण ज्या माणसापुढे आणि ज्या वेळी तो दाखवायचा, ते माणूस आणि ती वेळ चुकली तर? की चाकराला तेवढी मोकळीक नसतेच आणि ही नाखव्यासारखी मिश्र कृती आहे? आमचं मत असं की दुसरा निर्णय सगळ्यांत अवघड आणि तिसरा बराचसा सक्तीचा. तुमचं वेगळं पडेल. पण निर्णय सुटे केले की मतभेद नेमका कुठे आहे ते तरी दिसतं.

खलनायकच नायक असलेल्या सिरीज बघताना ॲरिस्टॉटलचा गुरू प्लेटो याची अंगठी काढा. त्याच्या 'रिपब्लिक' या संवादाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन नावाचं पात्र ही गोष्ट सांगतं: लिडियाच्या राजाच्या एका धनगराला भूकंपाने पडलेल्या भेगेत अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की माणूस अदृश्य. तो राणीला वश करतो, राजाला मारतो, गादीवर बसतो. ग्लॉकॉन विचारतो, अशा दोन अंगठ्या एका न्यायी आणि एका अन्यायी माणसाला दिल्या, तर दोघांत फरक राहील का? पडद्यावरच्या पात्राला ही कसोटी लावून झाली की लगेच स्वतःला लावा. आपल्या खिशातली अंगठी म्हणजे खोट्या नावाचं अकाउंट. त्यावरून जे लिहिलं ते खऱ्या नावाने, त्या मुलीसमोर, वर्गात म्हटलं असतं का? एका ओळीत हो किंवा नाही.

प्लेटोची दुसरी भीती दहाव्या भागात आहे आणि ती रास्त आहे. जो विनोद स्वतः करायची लाज वाटेल, तो रंगमंचावर ऐकून आपण मनापासून हसतो आणि हळूहळू घरी तसलेच विदूषक होतो, असं तो म्हणतो. त्याने यावरून कवींनाच नगराबाहेर काढायचं ठरवलं, ते आम्हाला पटत नाही. पण एक प्रयोग करा: आठवडाभर रील्सवर ज्या शिव्यांना हसलात त्या, आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या तोंडून निघालेल्या, अशा दोन याद्या शेजारी ठेवा.

मॅच हा कोल्हापूरचा खास विषय. शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल संघ उतरला की शेजारच्या पेठेतला सख्खा मित्रही दोन तास समोरचा होतो. इथे ॲरिस्टॉटलचं रागाचं माप लागतं. रागावणं कोणालाही जमतं, तो म्हणतो. योग्य माणसावर, योग्य प्रमाणात, योग्य वेळी, योग्य कारणासाठी आणि योग्य रीतीने रागावणं सोपं नाही. हे पाच प्रश्न वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा. पंचाने चुकीचा ऑफसाइड दिला: माणूस योग्य, कारणही योग्य असेल. मग दगड गाडीवर का पडला? पहिल्याच प्रश्नात राग नापास झाला, गाडीवाला पंच नव्हता. आणि रात्री 11 वाजता स्टेटसवर दुसऱ्या पेठेला शिव्या घालणारा वेळेच्या प्रश्नात नापास.

एपिक्टेटस तर सांगतो, खेळ-तमाशाला वारंवार जायची गरज नाही. गेलात तर जो जिंकेल तोच जिंकावा एवढीच इच्छा धरा. पेठेत वाढलेल्या पोराला हे कोरडं लागेल आणि आम्हीही एवढं मागणार नाही. त्याचंच दुसरं कलम जास्त उपयोगी आहे: हमामखान्यात जाण्याआधी तिथे काय होतं ते डोळ्यांपुढे आणा. कोणी पाणी उडवतं, कोणी ढकलतं, कोणी शिव्या देतं, कोणी चोरतं. आणि मनाशी म्हणा, मला अंघोळ करायची आहे आणि मन शाबूतही ठेवायचं आहे. मैदानाच्या दारात 30 सेकंद हेच करा: समोरून घोषणा येतील, कोणीतरी डिवचेल, निर्णय विरुद्ध जाईल. अंदाज आधी केला असला की डिवचणाऱ्याची अर्धी ताकद जाते.

निकाल लागतो तेव्हा

एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मला होता, त्यामुळे 'आपल्या हातात काय' हा त्याचा प्रश्न पोकळ नाही. मत, इच्छा, प्रयत्न आपले. शरीर, मालमत्ता, लौकिक, पद आपलं नाही. सेमिस्टरचा निकाल आला की पानाच्या मधोमध रेघ मारून दोन बाजू भरा. प्रश्नपत्रिका, तपासणारे, बाकीच्यांचे गुण डावीकडे. फोटोकॉपी मागवणं, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत भरणं, राहिलेला विषय आठवड्याच्या वेळापत्रकात घालणं उजवीकडे. चूक कुठे होते? 'निकाल हातात नाही' हे वाक्य अभ्यास न करायला वापरलं जातं तिथे. उजवी बाजू रिकामी असेल तर पान अपूर्ण समजा.

रात्रीची दहा मिनिटं

रोमन तत्त्वज्ञ सेनेका रागावरच्या ग्रंथात सांगतो, दिवा विझला, बायको गप्प झाली की मी सगळा दिवस तपासतो, स्वतःपासून काही लपवत नाही. सेक्स्टियस नावाच्या तत्त्वज्ञाचे तीन प्रश्न त्याने नोंदवलेत: आज कुठली वाईट खोड सुधारलीस? कुठल्या दोषाला विरोध केलास? कुठल्या बाबतीत बरा झालास? वहीतली ओळ, तिची दोन टोकं आणि हे तीन प्रश्न, एवढं 10 मिनिटांत बसतं. 'आज काही नाही' असं उत्तर आलं तर तेच लिहून झोपा. सेनेका स्वतःला माफही करतो, पुन्हा करू नकोस म्हणून. चूक सापडली की स्वतःला झोडपत बसणारे चौथ्या दिवशी वही बंद करतात.

हमखास चुकतं ते

ही मापं दुसऱ्याला लावणं. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला रूम पार्टनर 'उधळ्या' आणि 'आततायी' दिसायला लागतो. पहिला महिना वहीत दुसऱ्याचं नाव कर्ता म्हणून येऊ द्यायचं नाही. त्याखालोखालची चूक एकाच वेळी पाच गुण हाती घेण्याची. एका महिन्याला एक प्रांत. सवय त्याच कृतीच्या आवृत्तीने बनते, वीणा वाजवत वाजवत वादक होतात तशी, आणि एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही, असं ॲरिस्टॉटलच म्हणतो.

आणखी एक, चूक नव्हे पण सांगायलाच हवी अशी बाब. काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात, असं ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये मांडलं आणि बायकांनाही कमी लेखलं. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी 1902 मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या आणि जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, तिथे बसून हे वाचताना मान डोलवायचं कारण नाही. त्याचीच पद्धत त्याच्यावर चालवा: त्याला काय ठाऊक होतं, दुसरी कुठली वाट उघडी होती, किंमत कोणी मोजली.

गटाने करायचं असेल तर

तिघे ते पाच जण, आठवड्यातून एकदा, 45 मिनिटं. रंकाळ्याचा कट्टा चालतो, पण शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा, गर्दीत कोणी खरं बोलत नाही. एकाने आपली एक ओळ वाचायची. पहिली 10 मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, तेही 'का' ने सुरू न होणारे. 'का केलंस' म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो. 'कधी ठरवलंस', 'कोण बघत होतं', 'नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं' असे विचारा. त्यानंतरच टोकांची नावं घ्यायची. इथे ऐकलेलं मेसवर बोलायचं नाही. हा नियम एकदा मोडला की गट संपला.

महिनाभराने आठवा भाग उघडा, मैत्रीवरचा. उपयोगाची, मजेची आणि माणूस म्हणून चांगल्याची अशा तीन मैत्री त्यात आहेत. नोट्सपुरता मित्र आणि मॅचपुरता मित्र हे काही खोटे मित्र नव्हेत, पहिल्या दोन जातींचे आहेत. कारण संपलं की ते दुरावतात, तेव्हा दगा झाला असं समजायचं नाही. तिसऱ्या जातीला वेळ लागतो. त्यासाठी बरोबरीने भरपूर मीठ खाल्लेलं असावं लागतं, अशी ग्रीकांची म्हण तो देतो. हजेरीच्या त्या नोंदीकडे या भागानंतर पुन्हा एकदा जा आणि खाली लिहा: झोपलेला तो, या तिघांपैकी कोण?